ए विंगसमोरच्या दोन निळ्या जागांबद्दल

फोंडा, गोवा
दि. 8 सप्टेंबर 2025

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य

विषय: दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या पार्किंगच्या जागांचा गैरवापर

सप्रेम नमस्कार,

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी, 26 ऑगस्टला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी आपल्या पार्किंगमध्ये पडलो, हे तुमच्या कानावर आलेच असेल. अनेकांनी फोन करून चौकशी केली, त्या सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला मी "कुबडी घसरली" एवढेच सांगितले. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे सांगायला हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी पत्नी आणि मुलगा सकाळीच सावईवेऱ्याच्या घरी पुढे गेले होते. मी ऑफिस सुटल्यावर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या चौकटीचे, सामान घेऊन, घरी कपडे बदलून तासाभरात निघणार होतो. चवथीच्या गर्दीत मी बाजारात उतरत नाही. ओळखीचा दुकानदार पिशव्या गाडीपर्यंत आणून डिकीत ठेवून देतो. गेटमधून आत आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. ए विंगच्या दाराजवळच्या दोन निळ्या जागांपैकी एकीत आपल्याच एका सभासदाची गाडी उभी होती, डिकी उघडी, चारही इंडिकेटर लुकलुकत होते. दुसरीत काळ्या नंबरप्लेटची, भाड्याने घेतलेली गाडी. तिच्यात कोणी नव्हते.

मी दोनदा हॉर्न दिला. बारा मिनिटे थांबलो. वॉचमन वर जाऊन दोन मजल्यांवरच्या बेल वाजवून आला. शेवटी पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथे वर छप्पर नाही, तिथे गाडी लावली आणि चालत निघालो. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की छत्री धरता येत नाही, हे सांगायला नकोच. पावसाळ्यात त्या पेव्हरवर शेवाळ धरते. निम्म्या वाटेत डावी कुबडी सटकली आणि मी कोपरावर आपटलो. वॉचमनने आणि दूध आणायला निघालेल्या एका मुलाने मला उचलून खुर्चीत बसवले. तेव्हाही त्या गाडीचे इंडिकेटर लुकलुकतच होते.

रात्री भाऊ येऊन मला गावी घेऊन गेला. आमच्या घरी माटोळीच्या दोऱ्या करून द्यायचे, कांगल्यांचे आणि आंबाड्यांचे घड बांधायचे काम लहानपणापासून माझ्याकडे. शिडीवर मला चढता येत नाही, म्हणून खाली बसून गाठी मारायचे काम माझे. यंदा कोपर एवढे सुजले होते की एक गाठ मारता आली नाही. पाटाजवळ बसून नुसते बघत राहिलो.

ज्यांची गाडी तिथे होती त्यांच्या विरोधात हे पत्र नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, त्यांना वाईट वाटले होते. "दोनच मिनिटांसाठी लावली होती हो," असे ते म्हणाले आणि त्यांना ते मनापासून तसेच वाटत होते. पण गेल्या सहा वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते एका माणसाचे राहिलेले नाही. भाजी वर ठेवून येतो, मुलाला क्लासला सोडायचे आहे, गॅस सिलिंडर उतरवायचा आहे. प्रत्येकाची दोन मिनिटे खरी असतात. माझी वेळ मात्र त्यांच्यापैकी कोणाला माहीत नसते.

आता त्या जागेबद्दल थोडे सांगतो. ती एवढी रुंद का, हे मला बरेच जण विचारतात, आणि ती रुंद आहे म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. उजव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर असतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या आणि गुडघ्याशी लॉक. आपल्या सोसायटीतल्या तरुणांनी कॅलिपर बहुधा पाहिलेलाच नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पल्स पोलिओ 1995 साली सुरू झाले आणि 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपर घालणारी आमची पिढी बहुतेक शेवटचीच असेल, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळेच शेजाऱ्याला हे नीट सांगावे लागते.

गाडीत बसताना गुडघ्याचे लॉक सोडून पाय दुमडावा लागतो. उतरताना उलट. आधी दार पूर्ण उघडायचे. अर्धे नाही, पूर्ण. मग हाताने मांडी धरून पाय दाराबाहेर काढायचा आणि समोर ताठ करायचा. पाय अगदी सरळ झाला की लॉकची कडी आपल्या वजनाने खाली सरकते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आल्याशिवाय मी उभा राहू शकत नाही. राहिलो तर गुडघा मुडपून तिथल्या तिथे कोसळेन. ताठ पाय, पूर्ण उघडलेले दार आणि टेकलेल्या कुबड्या, एवढ्याला दाराशेजारी चांगली चार फूट मोकळी जागा लागते. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिव्यांगांच्या गाडीच्या जागेची रुंदी किमान 3.6 मीटर सांगितली आहे आणि अशा दोन जागा इमारतीच्या प्रवेशापासून 30 मीटरच्या आत असाव्यात असे म्हटले आहे, ते यासाठी. गाडीला लागते साधारण अडीच मीटर. उरलेली जागा दारासाठी, पायासाठी, व्हीलचेअरसाठी. तिच्यावर तिरपे पांढरे पट्टे मारलेले असतात.

आपल्याकडे ते पट्टे गेल्या दोन पावसाळ्यांत जवळजवळ पुसून गेले आहेत आणि आता तिथे स्कूटर लागतात. लावणारे म्हणतात, "तुमची गाडी तर आत जाते की." जाते. पण मग मी गाडीतच बसून राहतो. पट्ट्यांची बाजू आत येताना डाव्या हाताला पडते, म्हणून ती माझ्या दाराकडे यावी यासाठी मी रोज गाडी रिव्हर्स लावतो. इतके करून तिथे स्कूटर उभी असेल तर पुन्हा हॉर्न, पुन्हा वॉचमन. गाडीपेक्षा मला या स्कूटरचा त्रास जास्त वेळा होतो, हे मुद्दाम नोंदवतो, कारण स्कूटर लावणाऱ्यांना आपण जागा अडवली आहे असे वाटतच नाही.

गेल्या सभेत एका सभासदाने सुचवले होते की दिवसभर मी ऑफिसात असतो, जागा रिकामीच असते, तर तेवढा वेळ ती इतरांना द्यावी. वरवर पाहता रास्त वाटेल असा मुद्दा आहे. पण ती जागा माझ्या नावावर नाही. बी विंगमधल्या काकींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतात. परत येताना त्यांच्यात अजिबात त्राण नसते आणि टॅक्सी दाराला लागावी लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पार्किन्सन आहे, त्यांना कधी न्यावे लागेल हे घड्याळ लावून ठरत नाही. मीही एखाद्या दिवशी ताप आला म्हणून दुपारी दोनला परत येतो. तेव्हा तिथे गाडी असेल आणि चावी तिच्या मालकाबरोबर पणजीला गेली असेल, तर मी कोणाला फोन करू? आम्ही कधीही येऊ तेव्हा ती मोकळी मिळावी, एवढ्यासाठीच ती राखलेली आहे. तुम्हाला ती रिकामी दिसते तेव्हाही ती तेच काम करत असते.

एक नाजूक विषय आहे, तोही लिहून टाकतो. आपल्याकडे एका गाडीवर व्हीलचेअरचे चिन्ह चिकटवलेले आहे, पण ज्यांच्यासाठी ते आहे त्या बाई आपल्याकडे राहत नाहीत, गावी असतात. त्या येतील तेव्हा त्या जागेवर त्यांचा हक्क माझ्याइतकाच आहे. त्या गाडीत नसताना तो हक्क गाडीला मिळत नाही. त्याच वेळी मी हेही सांगेन की कोणाकडे बघून "हा तर धडधाकट चालतो" असे कोणी ठरवू नये. 1995 च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ती 21 झाली. पार्किन्सन त्यात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, स्नायू क्षीण होत जाणारे आजार आहेत. यातले कितीतरी लोक सकाळी चालताना दिसतील आणि संध्याकाळी पाऊल उचलू शकणार नाहीत. म्हणून युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचे दिव्यांग ओळखपत्र, पाहून समितीने परवानगी द्यावी. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन-तीन महिन्यांसाठी द्यावी. मला त्यात आनंदच आहे.

वॉचमनबद्दल कळकळीने लिहितो. त्या रात्री तो दोन्ही बाजूंनी अडकला होता. गाडी काढा म्हणायला गेला की त्याला "तू कोण सांगणारा?" असे ऐकावे लागते, हे मी स्वतः ऐकले आहे. पगार आपण सगळे मिळून देतो आणि आपल्यातलाच एक जण त्याला दम देतो, मग त्याने करायचे काय? समितीने त्याला सही-शिक्क्याचे पत्र द्यावे की त्या दोन जागांपुरता त्याचा शब्द हा समितीचा शब्द आहे. असे पत्र त्याच्या टेबलाच्या काचेखाली असले तरी पुष्कळ फरक पडेल.

साखळी किंवा कोन लावा असेही काही जण म्हणतात. हेतू चांगला आहे, पण साखळी काढायला मला आधी गाडीतून उतरावे लागेल, तेही मधल्या रस्त्यात. त्यापेक्षा आता पाऊस उघडला की निळा रंग आणि तिरपे पट्टे पुन्हा मारून घ्या, आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पाटी लावा. जमिनीवरचे चिन्ह गाडी उभी राहिली की दिसत नाही. पाटी मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत हवी, कारण आपल्याकडे नऊ-दहा फ्लॅट पाहुण्यांना दिवसांवर दिले जातात आणि ती काळ्या प्लेटची गाडी अशाच पाहुण्यांची होती. बाहेरून आलेल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला गाडी कुठे लावायची नाही हे त्या फ्लॅटच्या मालकाने किल्ली देतानाच सांगायला हवे, आणि पाहुण्यांच्या गाडीची जबाबदारी मालकावर राहील असा ठराव सर्वसाधारण सभेत व्हायला हवा. दंड किती ठेवायचा ते सभेने ठरवावे. माझा आग्रह दंडासाठी नाही, गाडी तेव्हाच्या तेव्हा हलावी यासाठी आहे.

आपल्या गोव्यात दिव्यांगजनांसाठी राज्य आयोग आहे. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी गेलो होतो. रॅम्प होते, हाताला धरून नेणारी मुले होती, कुठेही जागा मागावी लागली नाही. दोन दिवस कोणाला "जरा बाजूला घेता का" असे म्हणावे लागले नाही, याचे मला किती अप्रूप वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. आयोगाकडे तक्रार नेता येते, मित्रांनीही तेच सुचवले. पण ज्यांच्याकडून मी अडीअडचणीला साखर मागून घेतो त्यांच्याविरुद्ध कागद घेऊन पणजीला जाण्याची माझी इच्छा नाही. आपल्या दारातला प्रश्न आपल्या दारात सुटावा.

शेवटी एक विनंती. येत्या सभेची नोटीस निघेल तेव्हा सभा गच्चीवर ठेवू नका. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते आणि पुढचे जिने मला चढता येत नाहीत, म्हणून गेल्या तीन सभांना मी नव्हतो. खाली स्टिल्टमध्येच, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडा. कॅलिपरची वाकलेली पट्टी सरळ होऊन आली आहे. मी गाडी त्या जागेत लावून ठेवीन, दार उघडून सर्वांसमोर उतरून दाखवीन, आणि कोणीतरी मीटर टेप घेऊन यावे.

आपला,
ए विंगमधील एक सभासद