सभासदांना स्मरण : रविवारची बैठक

येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता, सोलापुरात नवी पेठेतील नेहमीच्या जागी, शोकांतिकेतील प्रेम या विषयावर आपली बैठक होईल, याचे सर्व सभासदांना स्मरण देत आहोत. देवलांचे ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे मराठी रूपांतर घरून वाचून यावे, विशेषतः एका हातरुमालावरून निष्पाप पत्नीविषयीचा संशय कसा पक्का होत जातो, ते प्रवेश सावकाश वाचावेत, कारण तिच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्याच्याच हातून पुढे तिचा जीव जातो. त्यानंतर प्रभातचा १९३९ चा ‘माणूस’ पाहू. पोलीस शिपाई गणपत आणि मैना यांचे प्रेम लग्नापर्यंत पोहोचत नाही, आणि आमच्या मते त्या चित्रपटाचे सारे बळ त्यातच आहे. बाहेरगावच्या सभासदांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.