आबांचं पेशावर आणि तुझं ब्रँडन

प्रिय दिल्या,

तिकडं कॅनडातल्या ब्रँडनच्या विमान-ट्रेनिंगच्या म्युझियमचे फोटो मिळाले. पिवळ्या विमानापुढं छाती काढून उभा आहेस तो मी इथं कट्ट्यावर सगळ्यांना दाखवून झालोय. खाली तू विचारलंयस, सुऱ्या तुझे आबा इथंच ट्रेनिंगला होते ना? नाही लेका. आबा कॅनडाला कधीच गेले नाहीत. आमच्या भावकीत मात्र गोष्ट दर लग्नाला एक देश पुढं सरकते, मागच्या खेपेला माईकवरून सांगितलं की ते लंडनला शिकून जर्मनीवर बॉम्ब टाकून आले. मी पंगतीत बसलेलो, जिलेबी गिळली आणि गप्प बसलो.

तू बघितलंस ती लढाईसाठी कॅनडात विमानवाले तयार करायची स्कीम वेगळी. १७ डिसेंबर १९३९ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात करार झाला, आणि लढाई संपेपर्यंत तिथून १ लाख ३१ हजारांवर पोरं तयार होऊन बाहेर पडली, पायलट, नेव्हिगेटर, वायरलेसवाले, गनर सगळे धरून. त्या कागदावर हिंदुस्थानची सही नव्हती. आपलं एअरफोर्स १९३२ चं, आणि १९३९ ला लढाई लागली तेव्हा त्यात एकच स्क्वाड्रन होतं, म्हणजे बघ. १९४० ला लायसन्स असलेले २४ पायलट विलायतेला धाडले, तेवढंच. बाकीच्यांची सोय इथंच घाईघाईनं केली, लाहोरला वॉल्टनमध्ये सुरुवातीचं ट्रेनिंग, उडायला बेगमपेठ नाहीतर जोधपूर, मग अंबाला.

आबा विलिंग्डन कॉलेजला इंटर झालेले, इंग्रजी बरं, घरावर कर्ज. १९४२ च्या सुरुवातीला अर्ज केला आणि बोलावणं आलं ते नेमकं त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला. तुला आठवतंय ना आपल्याला शाळेत शिकवलेलं, ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळीबार, आणि पुढं कुंडलपासून सगळा पट्टा पत्री सरकारचा. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. थोरले तात्या तुफान सेनेत. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली तेव्हा आबा वॉल्टनमध्ये डोक्याला हेडफोन लावून मॉर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, घेत बसलेले. आज्जानं त्यांची मनिऑर्डर परत पाठवली, एकदा नाही, सारखी. पोस्टमनला म्हणायचा, सांग त्याला, इंग्रजाचा पैसा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. कर्ज फेडायला पोरगं गेलं आणि कर्ज तसंच.

म्हणून आबा बोलायचे नाहीत. लोक म्हणतात फार विनम्र माणूस. विनम्र कसला, घरात तात्यांचा ताम्रपट भिंतीवर लागलेला, त्याच्याखाली बसून हा माणूस काय सांगणार की मी पेशावरला काय शिकलो? मला जे कळलं ते त्यांच्या लॉगबुकातून, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतून, आणि तात्या गेल्यावर ते थोडं बोलायला लागले त्यातून.

पेशावरला ते व्हेंजन्स नावाच्या अमेरिकन विमानावर होते. दोघांचं विमान, पुढं पायलट, मागं आबा. डाइव्ह बॉम्बर, म्हणजे दहा-बारा हजार फुटांवरून नाक खाली करून जवळजवळ सरळ कोसळायचं आणि बॉम्ब सोडून वर ओढायचं. पायलटला निदान जमीन समोर दिसते. मागच्याचं तोंड शेपटाकडं, बंदुकीवर, त्याला फक्त आभाळ लांब जाताना दिसतं. आबा म्हणाले, पहिल्या वेळी मी ओरडलो आणि बरं झालं की इंटरकॉमचं बटण दाबलेलं नव्हतं. त्या विमानाच्या पंखांची बसवण अशी की डाइव्हमध्ये ते नाकासमोर पडायचं, पण सरळ उडताना नाक वर करून चालायचं, पायलटला पुढचं दिसायचं कमी. म्हणून नकाशावरची वाट बरीचशी मागच्यावर. नदी, रेल्वेचा रूळ, पूल, हे बघत जायचं. म्हातारपणीही आयर्विन पुलावर गेले की कृष्णा कुठून कुठं वळते ते हातानं दाखवायचे, आम्हाला वाटायचं पुराचं सांगतायत.

लॉगबुक २०१९ च्या पुरात भिजलं. आमच्या गावभागातल्या घरात पाणी माळ्याला टेकलेलं. पाच दिवसांनी ट्रंक उघडली तर दिवसाच्या फ्लाइटच्या ओळी जशाच्या तशा, आणि रात्रीच्या, ज्या लाल शाईनं लिहायची पद्धत होती, त्या पानभर पसरलेल्या. रात्रीचे तास किती ते आता वाचता येत नाही. पानं ब्लॉटिंगमध्ये घालून सुकवली, महिन्याच्या शेवटच्या सह्या तेवढ्या राहिल्यात.

मार्च १९४४ ला ते सात नंबर स्क्वाड्रनबरोबर इंफाळच्या बाजूला. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. पण खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, ती नंतरची. त्याच वर्षी व्हेंजन्स काढून घेतली आणि स्क्वाड्रनला हरिकेन दिली. हरिकेनला सीट एक. एवढं शिकवलेला मागचा माणूस एका ऑर्डरीत जादा झाला. आबांना खाली वायरलेसच्या खोलीत बसवलं, १९४६ ला सोडलं. इथं येऊन तारखात्यात चिकटले ते रिटायर होईपर्यंत. म्हणजे लाहोरला शिकलेलं मॉर्स सांगलीत जन्मभर पुरलं. आपल्यालाही पुरलं म्हणा, पेन्सिलीनं एक टिचकी, एक घासणं, गणिताच्या पेपरात आकडे असेच पास केलेत आपण, प्रत्येक आकड्याला पाच खुणा. तुझे ३५ मार्क माझ्या टिचक्यांचे आहेत हे नातवंडांना सांगितलंस का?

आता तू म्हणशील परदेशी ट्रेनिंग नव्हतंच तर. तेच तर सांगतोय. आबा किर्लोस्करवाडीला गाडीत बसले आणि पासपोर्ट नावाची वस्तू न बघता लाहोरला उतरले. आज मला जायचं तर व्हिसा कोण देतंय. आणि जाऊन तरी काय, वॉल्टनचं विमानतळ मोडून तिथं टॉवर उभे करतायत. वर्गातले निम्मे फाळणीनंतर पलीकडच्या, पाकिस्तानच्या एअरफोर्सात गेले. १९६५ ला कच्छच्या रणात भांडण लागलं तेव्हा तिकडचे एअरफोर्सप्रमुख असगर खान यांनी आपले एअरफोर्सप्रमुख अर्जनसिंग यांना थेट फोन केला आणि दोघांनी विमानं बाहेर ठेवायचं ठरवलं, दोघं एकाच जुन्या एअरफोर्सातले. सप्टेंबरपर्यंत असगर खान पदावर राहिले नव्हते. सप्टेंबरात लढाई लागली तेव्हा आबा रेडिओपाशी बसायचे, पेशावरचं नाव आलं की आवाज कमी करायचे. तात्या तेव्हा होते, ते म्हणायचे, अरे मोठा कर की, ऐकू दे. आबा नाही करायचे.

ब्रँडनला परत गेलास तर एक काम कर. तिथं मॉर्सची की ठेवलेली असेल, तिचा जवळून फोटो काढ, स्क्रू आणि स्प्रिंग दिसेल असा. नातवाला शाळेच्या प्रोजेक्टला बनवायचीय आणि मला आतली रचना नीट सांगता येत नाहीये. बाकी डिसेंबरात येतोयस ना नक्की? भडंग किती किलो ते आत्ताच कळव, मागच्या वेळेसारखं एअरपोर्टवरून फोन करू नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या