शेळीची दगडी, अंदाजाची इंजेक्शनं आणि पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातला शेळीपालक, उस्मानाबादी शेळ्या आहेत माझ्याकडं. सरळ मुद्द्यावर येतो, दगडीला, म्हणजे शेळीची कास सुजायच्या रोगाला, आता इंजेक्शन लागू पडेना झालंय. कास सुजते, दुधात गुठळ्या येतात, एक औषध दिलं की फरक नाही, मग दुसरं, मग त्याहून भारी, आणि तोवर कास निळी-काळी होऊन थंडगार पडते, कधी सडासकट गळून जाते. उस्मानाबादी बऱ्याचदा जुळी देते, मग त्या करडांना पाजायचं काय?

डॉक्टर सांगतात की यात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. त्यातले बरेच जण पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम स्वतःच बनवतात, वर कासेच्या आत चिकट थर करून बसतात, तिथं औषध नीट पोचतच नाही. हे सगळं मान्य, पण जंतूंना एवढं तयार कुणी केलं? आपणच की. सडात सोडायची ट्यूब बनवलेली गायीसाठी, तिचं नोझल शेळीच्या सडाला जाड पडतं, तरी घुसवायचं. महाग म्हणून एकच ट्यूब दोन शेळ्यांना अर्धी अर्धी, म्हणजे डोस अपुरा आणि एकीचे जंतू दुसरीच्या कासेत फुकट पोच. सूज उतरली की पुढची इंजेक्शनं बंद. मेडिकलवाल्याला नुसतं "दगडी झालीय" सांगितलं की तो सेफ्ट्रायक्झोन काढून देतो, म्हणजे दवाखान्यात माणसांना पण देतात ते अँटिबायोटिक!

केंद्रानं 2019 ला कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांसाठी बंद केलं, चांगलं केलं. औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लेबलवर छापायचा नियम 2012 पासून आहे, छापलं नसेल तर दुधासाठी निदान 7 दिवस धरायचे. पण शेळीचं दूध डेअरीला कुठं जातं, ते घरातल्याच लेकरांच्या चहात जातं, तिथं लेबल कोण वाचतंय.

आता खरं दुखणं. कुठलं औषध चालेल हे दुधाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणं, केल्याशिवाय कळत नाही, आणि शेळीसाठी ते कुणी करतच नाही. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, पण एका शेळीच्या दुधाची बाटली घेऊन आमच्याकडनं तिथं जायचं म्हणजे गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही गेली, म्हणून सगळे अंदाजानं टोचतात, डॉक्टर पण. 2019 च्या पशुगणनेत राज्यात शेळ्या 1 कोटीच्या वर आहेत साहेब, तेवढ्यांचा इलाज अंदाजावर चाललाय.

म्हणून मागणी एकच. 1962 नंबरला फोन केला की जनावरांच्या दवाखान्याची जी फिरती गाडी येते तिच्यात निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा ठेवा, पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी नमुना घ्या, तपासणी फुकट करा आणि रिपोर्ट डॉक्टरच्या मोबाईलवर पाठवा. शेळी तोवर थांबणार नाही, उपचार लगेच चालू करावाच लागतो हे मलाही कळतं, पण तालुकावार रिपोर्ट साठत गेले की आपल्या भागात कुठलं औषध चालत नाही हे तरी डॉक्टरला आधीच माहिती असेल. गाडीवरच्या लोकांना सीएमटी, म्हणजे दुधातल्या पेशींवरून दगडी ओळखायची जागेवरची चाचणी, पण शिकवा, मात्र शेळीच्या हिशोबानं, कारण निरोगी शेळीच्या दुधात सुद्धा गायीपेक्षा पेशी जास्त दिसतात आणि गायीचं माप लावलं की चांगल्या शेळीला उगाच औषध सुरू होतं. कोरफड-हळद-चुन्याचा लेप एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) गायींना सांगतं, तो शेळ्या-मेंढ्यांवर किती चालतो हे आपल्या विद्यापीठाकडून एकदा नीट तपासून घ्या.

आणि मेंढपाळांना विसरू नका. पाऊस सरला की त्यांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, कोकणात उतरतात, त्यांचा कुठला दवाखाना ठरलेला नसतो, ते पिशवीत औषधं घेऊनच फिरतात. सुरुवात करायची तर त्यांच्या वाटेवरच्या तालुक्यांपासून करा, आणि ते या वर्षी निघायच्या आधी करा.

आपला,
एक शेळीपालक, जि. धाराशिव