किड्यांचे पाय मोजायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या मूकपटांच्या खेळाला तुम्ही जरा लवकर आलात आणि माझी लाज राखलीत. सगळ्यांसमोर आभार मानायचे होते, पण तुम्ही चहासुद्धा न घेता निघून गेलात. म्हणून हे जाहीर पत्र.

व्लादिस्लाव्ह स्तारेविचचा १९१२ सालचा 'द कॅमेरामन्स रिव्हेंज' दाखवायचा होता. बायको घरी ठेवून भुंगेरेराव शहरात जातात, चतुर नर्तकीच्या नादी लागतात, आणि जळफळलेला नाकतोडा कॅमेरावाला त्यांचे प्रताप चोरून टिपून थेट थिएटरात लावतो. माहितीपत्रकात मी बिनधास्त ठोकून दिलं होतं : 'सर्व किडे रबराचे'. तुम्ही ते वाचलंत आणि मला लॅपटॉपवर चित्र थांबवायला लावलंत.

"अरे, पाय बघ."

पायांवरचे काटे, चतुराच्या पंखांतलं शिरांचं जाळं. एवढं बारीक रबरात कोण घडवणार? मग जिवंत असतील, म्हटलं मी. त्यावर तुम्ही टेबलावर बोटांनी चालून दाखवलंत : एका बाजूचा पुढचा नि मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय टेकलेले, तेवढ्यात उरलेले तीन पुढे. हे महाशय तर मागच्या दोन पायांवर ऐटीत फिरतायत! आणि चतुराचे पाय फांदीला धरायला आणि उडता उडता भक्ष्य पकडायला. चालणंच त्याला धड जमत नाही, नाचणार कसा?

किडे खरेच, पण मेलेले. स्तारेविच लिथुआनियातल्या कौनास शहराच्या निसर्ग-संग्रहालयात होता. या चित्रपटाच्या आधी शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज त्याला टिपायची होती (शिंगं नव्हेत, नराचे जबडे, हेही तुम्हीच सुधारलंत). पण ते निशाचर. दिवे लागले की गप्प. शेवटी त्याने मेलेल्या किड्यांना तारेने आणि लाखेने पाय जोडले आणि ते तसूतसू हलवत एकेक चौकट टिपली.

उसनं अवसान आणून मी पर्सी स्मिथचा माशीचा मूकपट लावला. इंग्लंड, १९१०च्या आसपासचा. माशी उताणी पडून पायांवर बूच फिरवते. ही तरी नक्की चावीची, मी पैजेवर सांगितलं. तुम्ही दोनदा पाहिलंत. "पाठ चिकटवलीय रे तिची. पायाखाली जमीन नाही, बूच आहे. ती आपली चालतेय." म्हणजे माशी जिवंत! त्या काळच्या प्रेक्षकांचीही अशीच फसगत झाली होती म्हणे. मेलेले भुंगेरे त्यांना शिकवलेले वाटले आणि जिवंत माशीचा संशय आला. मी एकटाच नाही, एवढं समाधान.

मग माझ्याशेजारी बसून तुम्ही लाल पेनाने एकेका पत्रकावरची ती ओळ खोडलीत. नववीच्या प्रयोगवहीत मी झुरळाला आठ पाय काढले होते, तेव्हाही पेन लालच होतं. ते तुम्हाला आठवत नसावं अशी आशा आहे.

पुढच्या महिन्यात चॅप्लिनचा 'लाइमलाइट' (१९५२) आहे. त्यातल्या पिसवांच्या सर्कशीत पिसू एकही नाही, उड्या मारते ती चॅप्लिनची नजर. तेव्हा भिंग आणू नका. पहिल्या रांगेतली खुर्ची मात्र तुमच्यासाठी ठेवली आहे, आणि या वेळी चहा आधी.

तुमचा विद्यार्थी
(आठ पायांच्या झुरळाचा)