सुभेदारकाका, डावं वळण जमलं!

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न.

फोनवर गळा दाटून आला आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. साताऱ्यात राहून स्कीइंग सुधारतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

गेल्या वर्षी गुलमर्गहून रडवेली होऊन परतले. डावीकडे वळताना हमखास पडायचे. भीतीने अंग डोंगराकडे झुकायचं, बाहेरच्या म्हणजे उजव्या पायावरचा भार जायचा आणि स्की सुटायची. चूक कळत होती, पण पुन्हा बर्फ दिसायला दहा महिने होते.

तुम्ही, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये जवानांना शिकवलेले, मला गच्चीवर उभं केलंत. गुडघे वाकवून, नडग्या पुढे रेटून. "डोळं मीट. काय दिसतंय?" मी उतरतेय, म्हणाले. "तुझी पाठ दिसतीया? मग ती दुसरीच कोण तरी हाय. स्कीची टोकं दिसली पायजेत."

मनातही मी डावीकडे पडायचे. आठवडाभर हे लपवलं. तुम्ही रागावला नाहीत. उतार निम्मा करायला लावलात, तोल जायच्या आधीच थांबून मागे जायला सांगितलंत, कारण मनात गिरवलेली चूकसुद्धा पक्की होते. मग घड्याळ लावलंत. आठ वळणं मी नऊ सेकंदांत उरकली. "खऱ्या उतारावर पंचवीस लागत्यात. मधली कुठं गेली?"

स्लालमसारख्या, दांड्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीआधी स्कीपटूंना त्या मार्गावर सराव करू देत नाहीत. फक्त कडेने सरकत पाहणी करता येते, मग ते डोळे मिटून, तळहात वळवत सारा मार्ग मनात उतरतात. २०१० मध्ये व्हँकूवर ऑलिंपिकला डाउनहिलचं, म्हणजे सुसाट वेगाने उतरायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकणारी लिंडसे वॉनही असाच मनातला सराव करायची, हे तुमच्याकडून ऐकलं आणि शेजारच्या गच्चीतून कुणी बघतंय याचा संकोच गेला. पायांसाठी अजिंक्यतारा चढणं मात्र तुम्ही एक दिवस चुकू दिलं नाहीत.

या फेब्रुवारीत पहिल्याच सकाळी डावं वळण आलं. नडगीवर बुटाचा दाब आला, रोज गच्चीवर आठवायचे तोच. उजव्या पायावर भार पडला आणि स्की वळली. खाली पोचून मी हातमोज्यात तोंड खुपसून रडले, काका.

तिसऱ्या दिवशी ताज्या, भुसभुशीत बर्फात पडले. तो बर्फ आपण मनात घेतलाच नव्हता. रविवारी सकाळी गच्चीवर येते, तेवढं शिकवा.

तुमची,
गच्चीवरची विद्यार्थिनी