फोनवर न सांगितलेलं

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर "प्रवास मस्त झाला" एवढंच म्हणाले. ते खरंच होतं, फक्त अर्धं होतं. आई, तुला पटलेलं नाही हे तुझ्या "बरं" वरूनच कळलं. उरलेलं अर्धं फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच रडायला लागली असतीस, म्हणून लिहिते आहे. दोघंही धडधाकट आहोत, हे वाचूनच पुढे जा.

इथे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, युरे ते सिल्व्हरटन असा एक घाट आहे. त्याचं नाव मिलियन डॉलर हायवे. कुणी म्हणतं बांधायला तेवढा खर्च आला, कुणी म्हणतं रस्त्याच्या भरावात सोन्याचा कच्चा धातू गेला. अंतर २५ मैलसुद्धा नाही, पण माथा ११,०१८ फुटांवर. वर पोचेस्तोवर खाऊची पाकिटं फुगून टम्म झाली आणि माझं डोकं ठणकायला लागलं. बराच रस्ता बिनकठड्याचा. हिवाळ्यात यंत्राने बर्फ दरीत लोटावं लागतं, कठडा असला तर ते लोटणार कुठे? इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे दक्षिणेला जाताना दरी आपल्या उजव्या हाताला. चालवत मी होते, त्यामुळे दरीच्या बाजूला तुमचे जावई. त्यांनी खिडकीची काच वर केली. काच वर करून काय होणार होतं देव जाणे.

चढण निभावली. फजिती झाली ती उतारावर. ऑटोमॅटिक गाडीची इतकी सवय झाली आहे की पाय आपोआप ब्रेकवरच राहिला. तीन-चार वळणांनंतर लायनर जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. पुढे ट्रक नव्हताच. मग ब्रेक मऊ लागायला लागला, नेहमीपेक्षा खोल दाबावा लागला, आणि बाबा, त्या क्षणी तुमचा आवाज कानात आला, "ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं." गिअरच्या दांड्यापाशी 'एल' (म्हणजे लो, खालचा गिअर) असं अक्षर होतं, चार वर्षांत त्याला हात लावला नव्हता. तो टाकला. इंजिन केवढ्याने ओरडलं! पण गाडी सावरली. जरा रुंद जागा दिसल्यावर थांबलो आणि चाकं निवेपर्यंत अर्धा तास समोरचे लाल डोंगर बघत बसलो. तो रंग दगडातल्या लोखंडाच्या गंजाचा असतो, हे जावयांनी तेवढ्यात वाचून सांगितलं. आवाज थरथरत होता, पण माहिती पक्की.

दुसऱ्या दिवशी यूटामध्ये शिरलो आणि सगळा देखावाच पालटला. झाडं संपली, जमीन सपाट झाली, आणि मग एकाएकी ती सपाट जमीन पायाखालून हजार फूट खाली गेली. त्या जागेला गूजनेक्स म्हणतात. तळाशी सॅन वॉन नदी अशी नागमोडी की दीड मैल पुढे सरकायला सहा मैल वाहते. आई, तू तिथे हवी होतीस. कठड्याजवळही फिरकली नसतीस, पण हवी होतीस.

तुमचा फोन लागला नाही तो याच दिवशी. जवळच मोकी डगवे नावाचा कच्चा घाट आहे, १९५०च्या दशकात युरेनियमच्या खनिजाचे ट्रक नेण्यासाठी खोदलेला. तीन मैल नुसती खडी. मधल्या वळणावर टायर पंक्चर. चाकांना दगड लावले, जॅक लावला, पण नट काही हलेनात. तेवढ्यात पिकअपमधून एक नॅव्हाहो (इथल्या मूळ रहिवाशांची एक जमात) आजोबा आले. काही न विचारता पाना लावला आणि त्यावर सरळ उभे राहिले. कर्र करून नट सुटला. पाचही नट तसेच काढले, आमचं पाणी प्यायले, पैसे घेतले नाहीत आणि धूळ उडवत निघून गेले. स्टेपनी सायकलच्या चाकाएवढी बारीक, ताशी ५० मैलांच्या वर न्यायची नाही. त्यामुळे मुक्कामाला पोचायला रात्र झाली.

परतताना पुन्हा तोच युरेचा घाट होता. उत्तरेला येताना गाडी डोंगराच्या कडेने चालते, दरी पलीकडे राहते, हे मी नकाशावर दाखवलं, वहीत चित्र काढून दाखवलं. जावयांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लांबच्या रस्त्याने गाडी घ्यायला लावली.

आई, गोळ्या वेळेवर घे. बाबा, 'एल'चं जरा सविस्तर लिहून पाठवा.

तुमची,
ताई