रात्रपाळी सोडली आहे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा मधेच "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहिते आहे. मी रात्रपाळी सोडली. पगार थोडा कमी होईल, पण घराचा हप्ता त्यात बसतो आणि औषधांचे पैसे तुम्हाला पूर्वीइतकेच येतील. आधी सांगितलं असतं तर तुम्ही दोघं जागत बसला असतात.

पहाटे येऊन पडलं तरी डोक्यातली बडबड थांबायची नाही. ऑफिसातल्या एका ताईंनी भ्रामरी शिकवली, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम. बाबा, कुणा बुवाच्या मागे लागलेले नाही हो. फी नाही, दीक्षा नाही. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात आहे ती, म्हणजे पंधराव्या शतकापासून तरी. आणि २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांना आढळलं, की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू पंधरापट वाढतो. पण तो नाकाचा हिशेब. मला गुण येतो तो लांबलेल्या उच्छ्वासाचा, असं मला वाटतं. श्वास सोडताना ठोके मंदावतात, हे विज्ञानाच्या सरांना मी काय सांगू!

खाली ऐरोलीच्या पुलाकडे ट्रक धावत असतात, पण पाच मिनिटं तेही ऐकू येत नाहीत. आई, तू तांदूळ निवडताना गुणगुणायचीस आणि मी तुझ्या पाठीला गाल लावून बसायचे. आवाज कानाआधी गालाला कळायचा. अगदी तसंच होतं गं.

जेवते नीट. तुझं कुळथाचं पीठ पुरतंय. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, डास नाहीत.

आता तुम्हीही करायचं, संध्याकाळी, टीव्ही बंद करून. खुर्चीत चालेल, बाबांनी मांडीचा हट्ट धरू नये. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे. कानाच्या भोकापुढची पाळी अंगठ्याने हलकेच दाबायची, आत बोट घालायचं नाही. आई, कान ठणकत असेल त्या दिवशी हात लावूच नकोस. नाकाने श्वास घ्या, सोडताना नुसतं 'म्म्म्'. पाच-सहा वेळा पुरे. बाबा, श्वास कोंडायचा नाही, बीपी आहे. आणि कितीही बरं वाटलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच.

गणपती झाले की इकडे या. मी आता रात्री घरी असते, एकटं बसावं लागणार नाही. तिकिटं मी काढते. ठाण्याला उतरा, मी फलाटावर येते. तोवर बाबांनी बॅगा उचलायच्या नाहीत.

तुमची,
सोनू